जुन्या बोटीची डिझेल टाकी: गंजाचे निदान आणि बदल

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, कोणत्याही बंदरात गेले तरी बोटी वर ओढून शाकारलेल्या दिसतात आणि इंजिन, पंखा, जाळी, रंग अशी कामे एकामागून एक उरकली जात असतात. या कामांत डिझेलच्या टाकीचा नंबर बहुधा लागतच नाही. ती इंजिनाच्या बाजूला अंधारात बसलेली असते, आवाज करत नाही, आणि बाहेर काढायची म्हटली तर अर्धी बोट उघडावी लागते. त्यामुळे गळेपर्यंत तिच्याकडे कोणी बघत नाही. गळू लागली की नारळी पौर्णिमेच्या आत काम उरकायचे म्हणून जुन्याच मापाची, तशाच पत्र्याची टाकी त्याच ओंडक्यांवर पुन्हा बसवली जाते.

या ‘तशीच’ला माझा आक्षेप आहे. टाकी ज्या कारणाने गेली ते कारण जागेवर ठेवून नवी टाकी बसवली, तर तीही त्याच ठिकाणी आणि जवळपास तितक्याच वर्षांत भोक पाडून घेणार. टाकी बदलण्याचे खरे काम म्हणजे पाण्याची वाट बदलणे. पत्रा, वेल्डिंग, रंग हे सगळे त्यानंतर येते. म्हणून या विवेचनात आधी पाणी टाकीपर्यंत कसे पोचते ते पाहू, मग जुन्या टाकीवरून ते कसे ओळखायचे ते, आणि शेवटी नवी टाकी कशी करावी ते. डोळ्यांसमोर आहे ती वीसेक वर्षे समुद्रात गेलेली लाकडी किंवा फायबरची मासेमारी बोट आणि तिच्यातली साध्या लोखंडी पत्र्याची टाकी.

आतले पाणी

डिझेलमध्ये बुडालेले लोखंड गंजत नाही. गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. डिझेलमध्ये पाणी विरघळते ते अगदी थोडे. हजार लिटर डिझेल शंभर मिलिलिटरसुद्धा पाणी पोटात धरून ठेवू शकत नाही. त्यापेक्षा जास्त झालेले पाणी वेगळे होते आणि जड असल्यामुळे तळाशी जाते, कारण डिझेलचे वजन लिटरला साधारण ०.८३ किलोच असते. टाकीच्या तळाशी, सर्वांत खालच्या कोपऱ्यात पाण्याचा थर साचतो आणि त्या थराखालचा पत्रा गंजू लागतो.

हे पाणी येते कुठून? धक्क्यावर विचारले तर उत्तर ठरलेले असते: टाकीला घाम येतो. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली की दमट हवा आत जाते, रात्री गार होते आणि पाणी सुटते. हे तत्त्व बरोबर आहे, पण त्याचा हिशेब सहसा कोणी करत नाही. समजा टाकीत ५०० लिटर जागा रिकामी आहे आणि दिवस-रात्रीच्या तापमानात १० अंशांचा फरक पडतो. एवढ्या फरकाने आतली हवा सुमारे ३.३ टक्के आकसते, म्हणजे रोज सोळा-सतरा लिटर नवी हवा आत येते. ३० अंशांची पूर्ण दमट हवा घनमीटरमागे ३० ग्रॅम बाष्प वाहते. त्या हिशेबाने रोजचे बाष्प होते अर्धा ग्रॅम. त्यातला थेंबन्‌थेंब टाकीतच राहिला असे धरले, तरी बंदीच्या ६१ दिवसांत जमणार ३० ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा कपही भरणार नाही. शाकारलेल्या बोटीच्या पोटात एवढा फरक पडतच नाही, म्हणून प्रत्यक्षात याहूनही कमी. ज्या टाकीच्या तळातून पाच-दहा लिटर पाणी निघते त्या टाकीला घाम आलेला नसतो. तिच्यात कुठून तरी पाणी शिरलेले असते.

ते शिरते मुख्यतः डेकवरच्या भरणीच्या झाकणातून. झाकणाखालची रबरी चकती कडक होऊन तडकते, आणि झाकण डेकच्या पातळीलाच असले तर प्रत्येक लाटेनंतर त्यावर पाण्याचे डबके उभे राहते. दिवसभर इंजिनाच्या उबेने तापलेली टाकी संध्याकाळी गार होऊ लागली की आतली हवा आकसते आणि ते डबके आत ओढले जाते. ब्रीदरचे, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीचे, तोंड खाली असले किंवा बोट कलल्यावर पाण्याखाली जात असले तरी हेच घडते. तिसरी वाट पिंपाची. पावसात उभे ठेवलेले पिंप आपल्या माथ्यावरचे पाणी बुचातून असेच ओढते, आणि ते पाणी मग भरणीतून बोटीत येते. पिंप आडवे ठेवावे, बुचे बाजूला समपातळीत यावीत, म्हणजे बुचाला आतून डिझेल टेकलेले राहते.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. गोड्या पाण्याने पत्रा बऱ्यापैकी सारखा झिजतो, खाऱ्या पाण्याने खड्डे पडतात. तळाशी साचलेल्या काळ्या गाळाखाली प्राणवायू पोचत नाही, भोवतालच्या पत्र्याला मात्र तो मिळतो. या फरकामुळेच गाळाखालचा पत्रा विरघळणारे टोक (ॲनोड) बनतो. तिथले लोह विरघळते, क्लोराइड खड्ड्यात ओढले जाते, खड्ड्यातले पाणी आम्ल होते आणि खड्डा स्वतःलाच खोल करत जातो. समुद्रात उघड्या लोखंडाची सरासरी झीज वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आसपास धरतात. त्या हिशेबाने ३ मिलिमीटरचा पत्रा तीस वर्षे टिकायला हवा. खड्ड्याचा वेग याच्या कित्येक पट असतो, म्हणून तो टिकत नाही.

यात सूक्ष्मजीव भर घालतात. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी वाढते. तिला खायला डिझेल लागते आणि जगायला पाणी. फिल्टर उघडल्यावर हाताला लागणारा तपकिरी, बुळबुळीत पडदा बहुधा तिचाच असतो. ती सेंद्रिय आम्ले सोडते, आणि तिच्या थराखाली प्राणवायूविना जगणारे, सल्फेटवर वाढणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. ड्रेन उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला, तर पत्र्यावर दोन्हींचे काम सुरू आहे असे समजावे. बुरशीनाशक औषधाने बुरशी मरते, पण पाणी तिथेच राहिले तर ती पुन्हा येते.

बाहेरचे पाणी

एवढे सगळे सांगूनही माझे मत असे की जुन्या बोटींतल्या बहुतेक टाक्या आतून जात नाहीत, बाहेरून जातात. आत निदान डिझेलचे तेलकट कवच असते. बाहेर काही नसते. रंग असतो तोही पहिल्या वर्षी बसवतानाच खरवडलेला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याकडचे नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत हाँगकाँग आणि तैवानमध्ये अमेरिकन ग्राहकांसाठी ट्रॉलरच्या घाटणीच्या हौशी बोटी मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. त्यांच्या टाक्या साध्या लोखंडाच्या आणि डेक सागवानी पट्ट्यांचे, हजारो स्क्रूंनी खाली आवळलेले. काही वर्षांनी स्क्रूंवरची लाकडी बुचे सैल झाली, भरणीच्या कड्याभोवतीचे सील सुकले, आणि समुद्राचे व पावसाचे पाणी थेंबथेंब खालच्या टाकीच्या माथ्यावर पडू लागले. माथा सपाट असल्याने पाणी तिथेच थांबले. त्या टाक्या वरून कुजल्या. आतला तळ चांगला आणि माथ्याला मात्र बोट घुसेल अशी भोके, असे दृश्य तिकडच्या दुरुस्ती करणाऱ्यांना आजही दिसते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांत पेट्रोल बोटींसाठी एक साधी अट आहे: धातूची टाकी अशी बसवावी की बोट स्थिर तरंगत असताना टाकीच्या माथ्यावरचे पाणी आपोआप वाहून जाईल. डिझेलच्या बोटीलाही ती अट लावावी असे मला आग्रहाने वाटते.

आपल्या बोटींत माथ्यापेक्षा बूड जास्त जाते. टाकी लाकडी ओंडक्यांवर ठेवलेली असते. ओंडक्याने पाणी धरून ठेवलेले असते, आणि ते पाणी नुसते समुद्राचे नसते. मासळीच्या खणातल्या बर्फाचे वितळलेले, मासळीच्या रक्ताचे, मिठाचे पाणी बोटीच्या तळातून हिंदकळत इंजिनाच्या खणात येते. टाकी कुरकुरू नये म्हणून ओंडक्यावर गोणपाट किंवा जुन्या चटईचा तुकडा घातला असेल तर परिस्थिती आणखी वाईट. तो तुकडा वर्षभर ओला राहतो. फायबरच्या बोटीत काही ठिकाणी टाकीभोवती फोम ओतलेला असतो. नवा असताना तो पाणी घेत नाही, पण हादऱ्यांनी त्याची कड पत्र्यापासून सुटली की त्या चिरेत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही.

जुनी टाकी वाचणे

टाकी बाहेर काढल्यावर ती थेट भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते, हे थांबवले पाहिजे. एक दिवस ती धक्क्यावर उलटी करून ठेवावी आणि तारेच्या ब्रशने बूड साफ करावे. ओंडक्यांच्या जागा लगेच दिसतात. दोन ओंडक्यांमधला पत्रा लालसर, सारखा गंजलेला असतो, हातोडीने वाजवला तर घट्ट वाजतो. ओंडक्यावर टेकलेल्या चार बोटे रुंदीच्या पट्ट्यात मात्र गंजाचे पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून तो पट्टा बाहेरून फुगलेला, उलट जाडच वाटतो. हातोडीचा आवाज तिथे बद्द येतो. पापुद्रा उचकटला की खाली काळा, ओलसर थर असतो आणि त्याच्याखाली पत्रा कागदासारखा. भोक एखाद्या खिळ्याच्या टोकाएवढेच असते, पण त्याच्या आजूबाजूला हातभर लांबीत पत्रा अर्ध्या मिलिमीटरवर आलेला असतो.

मग टाकी कापून आतून बघावी. भोक आतून रुंद आणि बाहेर निमुळते असेल तर गंज आतून आला. उलट असेल तर बाहेरून. आत फक्त तळाच्या मागच्या कोपऱ्यात खड्डे असतील, तर भरणीतून आलेले पाणी तिथे साचत होते आणि ते काढायला ड्रेन नव्हता किंवा चुकीच्या जागी होता. वेल्डिंगच्या बाजूने ओळीने खड्डे असतील तर जोडाच्या फटीत पाणी अडकत होते. माथ्यावर भरणीच्या कड्याभोवती वर्तुळाकार गंज असेल तर दोष डेकवरच्या सीलचा. पितळी निपल जिथे पत्र्याला भिडते तिथेच पत्रा खाल्ला गेला असेल, तर ओलाव्यात दोन धातूंची बॅटरी तयार झाली होती. हे सगळे वहीत लिहून, मोबाइलवर फोटो काढून ठेवावे. नव्या टाकीचा आराखडा त्या वहीतून निघतो.

ठिगळाविषयी

भोक लहान असते तेव्हा एपॉक्सीची पुटी, रबरी पट्टी आणि क्लँप लावून बोट बंदरात आणणे योग्यच आहे. तेवढाच त्याचा उपयोग. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांहून जास्त, महिन्याला सव्वाशे लिटर डिझेल बोटीच्या तळात आणि तिथून पंपाने खाडीत जाते. शिवाय एका भोकाचा अर्थ बाकीचा पत्रा शाबूत आहे असा होत नाही. अल्ट्रासोनिक जाडीमापक आता भाड्यानेही मिळतो. वीतभर अंतरावर चौकटी आखून मापे घेतली की ठिगळ कितपत टिकेल याचा वाद उरत नाही. मूळ जाडीच्या तीनचतुर्थांशापेक्षा पत्रा खाली गेला असेल तर मी टाकी बदलायला सांगेन.

गाळाचाही विचार करावा. शांत पाण्यात तो तळाशी बसून राहतो. बोट आपटायला लागली की उसळतो आणि फिल्टर तुंबवतो. म्हणजे इंजिन बंद पडते ते नेमके वारा उठलेला असताना, खडक जवळ असताना. टाकीचा प्रश्न खलाशांच्या जिवाशी जोडलेला आहे तो इथे.

टाकी बाहेर काढताना

बोट बांधताना टाकी आधी बसते आणि तिच्याभोवती इंजिन, आडभिंती, केबिन येते. त्यामुळे ती अखंड बाहेर येत नाही. इंजिन उचलायचे, केबिनची फळी कापायची, की टाकीच जागेवर कापून तुकड्यांनी काढायची, हे तीनच पर्याय. इंजिन ओव्हरहॉलला निघणारच असेल तर त्याच हंगामात टाकीचे काम काढावे. नाही तर तुकड्यांचा मार्ग बरा.

कापण्याबाबत मात्र तडजोड नको. साध्या हायस्पीड डिझेलला भारतीय मानकात फ्लॅश पॉइंटची, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते त्याची, किमान मर्यादा ३५ अंश आहे. बंद इंजिन खणात मे महिन्याच्या दुपारी पत्रा त्याहून जास्त तापतो. ‘डिझेल आहे, पेट्रोल नाही’ या समजुतीवर गॅसकटर लावणारे लोक मरतात. टाकी रिकामी आहे, वायुमापक शून्य दाखवतो, तरी ज्योतीची उष्णता पापुद्र्यांखाली मुरलेल्या डिझेलची नवी वाफ तयार करते, आणि ती मापकाने मोजलेली नसते. म्हणून डिझेल उपसणे, गाळ खरवडणे, साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुणे, मग शक्य तिथे ठिणगी न पडणाऱ्या हत्याराने थंड कटाई करणे हाच क्रम. ग्राइंडरची ठिणगीही आगच आहे. ग्राइंडर टाळता येत नसेल तर कापायच्या रेषेपर्यंत टाकी पाण्याने भरून ठेवावी, म्हणजे वाफेला जागा कमी राहते, आणि उरलेल्या जागेत कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन सोडत राहावे. हा वायू खणात साचून माणसालाही गुदमरवतो, म्हणून ब्लोअर हवाच. गंजणारे लोखंडही बंद टाकीतला प्राणवायू खाते. अशा टाकीत डोके घालण्यापूर्वी प्राणवायू मोजावा आणि बाहेर एक माणूस उभा ठेवावा.

कोणता पदार्थ

गॅल्व्हनाइज्ड पत्रा डिझेलला वर्ज्य समजावा. जस्ताची डिझेलमधल्या आम्लांशी क्रिया होऊन साबणासारखे क्षार बनतात आणि ते नोजलपर्यंत पोचतात. तांबे आणि पितळही डिझेल लवकर खराब करतात, त्यामुळे लांब तांब्याची नळी टाळलेली बरी.

स्टेनलेस स्टीलचे नाव सगळे घेतात. ते गंजत नाही ते क्रोमियमच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला प्राणवायू लागतो. ओंडक्याखालच्या ओल्या फटीत प्राणवायू नसतो, क्लोराइड भरपूर असते. तिथे ३०४ आणि ३१६ दोन्ही प्रतींना सुईएवढी भोके पडू शकतात. ३१६ मधल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनममुळे थोडा उशीर होतो, इतकेच. भोवताली हात फिरेल अशा मोकळ्या, कोरड्या जागी स्टेनलेस टाकी उत्तम. अंधाऱ्या, ओल्या कपारीत तिच्यावर पैसे घालू नयेत.

ॲल्युमिनियमची ५०८३ किंवा ५०५२ जात हलकी आणि टिकाऊ आहे, पण तिचेही शत्रू तेच: ओले लाकूड, ओला फोम, पितळी जोड. पांढरी भुकटी दिसू लागली की समजावे. शिवाय तिचे वेल्डिंग चांगले करणारा माणूस प्रत्येक बंदरात सापडत नाही. पॉलिएथिलीनच्या तयार टाक्या गंजत नाहीत. त्या इंधन शोषून सुमारे दोन टक्के फुगतात, त्यामुळे घट्ट खणात कोंबता येत नाहीत, आणि त्यांना खालून पूर्ण सपाट आधार लागतो. मापे कंपनी ठरवेल तीच. मोठ्या मासेमारी बोटीच्या वाकड्या कुशीत त्या क्वचितच नीट बसतात.

फायबरची टाकी हा आपल्या किनाऱ्याला जवळचा पर्याय आहे, कारण हे काम जाणणारे कारागीर आता सर्वत्र आहेत. इंधनाला टिकणारे आयसोफ्थॅलिक किंवा व्हिनाइल एस्टर रेझिन वापरावे लागते. बोटीच्या अंगाचे साधे रेझिन चालत नाही. आतले जोड नंतर तपासता येत नाहीत, म्हणून कारागिरावर पूर्ण भरवसा असेल तरच.

या सगळ्यांचा विचार करून काम करणाऱ्या बोटीसाठी माझी पहिली पसंती अजूनही साध्या लोखंडालाच आहे, पण ३ ऐवजी ५ मिलिमीटरच्या. १.२ मीटर लांब, ०.७ रुंद आणि ०.६ उंच अशी ५०० लिटरची टाकी घेतली तर तिचे पृष्ठफळ सुमारे ४ चौरस मीटर भरते. ३ मिलिमीटरला ९४ किलो, ५ मिलिमीटरला १५७ किलो. म्हणजे एका माणसाएवढ्या वजनात पत्रा दोनतृतीयांशाने जाड होतो. तो कोणत्याही बंदरात जोडता येतो, आणि पुढे कधी कापावा लागला तरी कापता येतो.

नवी टाकी

एका मोठ्या टाकीच्या जागी दोन-तीन लहान कराव्यात. दहा-पंधरा टक्के जागा भिंतींत जाते, ती जाऊ द्यावी. लहान टाकी दारातून आत येते आणि पुढच्या वेळी दारातूनच बाहेर जाते. एकीत पाणी शिरले तर दुसरीवर घरी येता येते. आणखी एक लाभ स्थैर्याचा. अर्धवट भरलेल्या टाकीतले डिझेल बोट कलली की खालच्या बाजूला धावते आणि कल वाढवते. हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. दोन मीटर रुंद टाकीचे मधोमध दोन वेगळे भाग केले की दोन्हींचा मिळून परिणाम पहिल्याच्या चौथ्या हिश्श्यावर येतो. मात्र दोन्ही टाक्या जोडणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह समुद्रात बंद हवा, नाही तर डिझेल त्या नळीतून सावकाश खालच्या बाजूला जातच राहते.

टाक्या अनेक झाल्या की रिटर्न लाइनकडे लक्ष द्यावे. पंप इंजिन जाळते त्यापेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि उरलेले परत पाठवतो. ज्या टाकीतून घेतले तिथेच ते परत गेले पाहिजे. घेणे एकीकडून आणि परतणे दुसरीकडे असे झाले की एक टाकी लवकर रिकामी होते आणि दुसरी ब्रीदरमधून सांडते. दोन व्हॉल्व्ह एकत्र फिरतील अशी जोडणी करून घ्यावी.

आत बॅफल, म्हणजे हिंदकळणे रोखणारे आडपडदे, पाऊण मीटरपेक्षा जास्त अंतरावर नकोत. त्यांचे वरचे कोपरे हवेसाठी आणि खालचे डिझेलसाठी कापलेले हवेत; खालचा कोपरा बंद राहिला तर प्रत्येक खणात पाण्याचे वेगळे डबके होते. प्रत्येक खणाला हात आत जाईल असे झाकण हवे, आणि त्याला नायट्राइलचे गॅस्केट, कारण साधे रबर डिझेलमध्ये फुगते. तळ सपाट न करता मागे, ड्रेनच्या दिशेने उतार द्यावा आणि सर्वांत खाली एक लहान खोलगट खिसा करून त्याला व्हॉल्व्ह व वरून बूच लावावे. इंजिनाची नळी खिशापासून दूर, तळापासून बोटभर वर थांबावी. पाणी खिशात आणि डिझेल नळीत, अशी ही विभागणी.

तळाच्या कडेवर वेल्डिंग नको. बुडाचा पत्रा दोन्ही बाजूंना वाकवून चार बोटे वर घ्यावा आणि जोड तिथे करावा. पत्र्यावर पत्रा चढवून केलेला जोड टाळावा, त्यात फट राहतेच. माथ्याला थोडा उतार द्यावा. भरणीची आणि ब्रीदरची निपले माथ्याच्या वर उभी राहतील अशी घ्यावीत. भरणीची नळी आतून किमान ३८ मिलिमीटर आणि ब्रीदर १४ मिलिमीटर, ही आंतरराष्ट्रीय पद्धत आपल्यालाही पुरते. ब्रीदर हंसमानेसारखा वाकवून, बोट कललेली असतानाही पाण्याच्या वर राहील इतका उंच न्यावा. डेकवरची भरणी डेकपासून वीतभर उंच उभी केली तर डबक्याचा प्रश्नच संपतो. जाळे अडकते म्हणून अनेक तांडेल याला नकार देतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. मग ती केबिनच्या भिंतीला चिकटवून घ्यावी.

आधाराचा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. ओंडके पूर्वीच्याच जागी ठेवायचे असतील तर त्यांच्यावर आधी फायबरचा थर द्यावा, त्यावर निओप्रीनची न शोषणारी पट्टी. ती पट्टी टाकीलाही सीलंटने पूर्ण चिकटवावी, म्हणजे पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी शिरायला चीर राहत नाही. गोणपाट, चटई, कार्पेट काहीही नको. याहून चांगला मार्ग म्हणजे टाकीलाच कोनपट्टीचे पाय वेल्ड करणे. बूड तळापासून हातभर वर राहते, खालून हवा फिरते आणि ब्रशही फिरतो. ५०० लिटर डिझेल म्हणजे टाकीसह साडेपाचशे किलोंहून जास्त वजन. बोट लाटेवरून आपटते तेव्हा आधारांवर त्याच्या कित्येक पट ओझे क्षणभर येते, म्हणून पाय बोटीच्या बरगड्यांशी बोल्टने बांधावेत.

रंग बाहेरूनच. वाळूच्या माऱ्याने पत्रा पांढरट होईपर्यंत साफ करून त्याच दिवशी एपॉक्सी प्राइमर, मग जाड एपॉक्सीचे दोन हात. आतून काही लावू नये. वेल्डिंगचे कण आणि मळ काढून डिझेलने पुसून घ्यावे.

चाचणी आणि पहिले महिने

रंगाआधी आणि बोटीत नेण्याआधी टाकी दाबाखाली तपासावी. आंतरराष्ट्रीय मानकातला चाचणीचा दाब २० किलोपास्कल आहे, म्हणजे सुमारे ०.२ बार. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण एक चौरस मीटर पत्र्यावर तो दोन टन ढकलतो. वर्कशॉपचा कॉम्प्रेसर सात-आठ बारवर असतो. त्याची नळी थेट टाकीला जोडली तर टाकी फुगते किंवा फाटते. सुरक्षित साधन स्वस्त आहे. दोन-दोन मीटर उंच भुजांची, पाळण्यासारखी वाकवलेली पारदर्शक नळी घ्यावी, निम्म्यापर्यंत पाणी भरावे आणि एक टोक टाकीला जोडावे. हवा भरत गेले की एका बाजूचे पाणी खाली जाते, दुसरीकडचे वर. फरक दोन मीटर झाला की दाब २० किलोपास्कल. त्यापुढे गेले तर पाणीच उडून बाहेर पडते, म्हणजे दाबमापकही हेच आणि सेफ्टी व्हॉल्व्हही हेच. मग प्रत्येक जोडावर साबणाचा फेस. पाण्याची पातळी उतरू लागली की लगेच गळती समजू नये. टाकी एक अंशाने गार झाली तरी पातळीत चार सेंटिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे ही चाचणी सावलीत आणि ढगाळ सकाळी करावी.

टाकी बसल्यावर पन्नास-पन्नास लिटर मोजून भरत डिपस्टिकवर खुणा कराव्यात. लहान टाक्यांची मापे जुन्या काठीशी जुळत नाहीत. इंजिन सुरू करण्यापूर्वी लाइनमधली एअर काढणे नेहमीचेच. कितीही साफ केले तरी पहिल्या दहा-वीस तासांत वेल्डिंगची भुकटी फिल्टरमध्ये येते, म्हणून जादा फिल्टर सोबत ठेवावे. पुढे दर पंधरवड्याला, बोट रात्रभर स्थिर राहिल्यानंतर, सकाळी ड्रेनमधून पाण्याच्या ग्लासात थोडे काढून बघावे. तळाशी वेगळा थर दिसला तर पहिला संशय भरणीच्या चकतीवर घ्यावा. दर बंदीच्या हंगामात ठरलेल्या सहा-आठ जागी जाडी मोजून त्याच वहीत जुन्या टाकीच्या नोंदींखाली लिहावी. ५ मिलिमीटरच्या पत्र्याचे माप दोन हंगामांत ४.८ वर आले, तर आधाराजवळ कुठे तरी पाणी थांबते आहे असे धरून पट्टीची कड तपासावी. पत्रा अजून भरपूर शिल्लक असतो आणि काम सीलंटच्या एका नळीत होते.